भूतानमधलं श्रमदान: घरटी एक माणूस, पण घरालाच कुलूप असेल तर?

वांगदूवाला

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात इथल्या एका प्रवासाच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की भूतानचे लोक किती सेवाभावी बघा, नारिंगी कपडे घालून फुकट कामं करतात, आपल्याकडे असं का नाही. त्यावर चार ओळी टाकायला बसलो आणि लांबतच गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय. सवड काढून वाचा.

मी २०११ ते २०१६ वांगदूला होतो. वांगदू फोद्रांग, थिंफूहून दोचुला खिंड ओलांडून खाली उतरलं की लागतं, वाऱ्यासाठी प्रसिद्ध. तिथे जलविद्युत प्रकल्पावर सिव्हिलचा इंजिनियर. कॉलनीत खोली मिळेना म्हणून बाजोच्या वरच्या अंगाला एका गावात शेतकऱ्याच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. घरमालकीण सत्तरीची. तिला सगळे अंगे म्हणायचे म्हणजे आजी, मीही तेच म्हणायला लागलो. एक मुलगा थिंफूला टॅक्सी चालवायचा, एक मुलगी शिकायला बाहेर. घरात ती, एक गाय आणि मी.

मे महिन्यात एकदा पहाटे खाली खडखडाट ऐकू आला म्हणून बघितलं तर अंगे गमबूट घालून, किरा म्हणजे तिकडचं लुगडं वर खोचून, कुदळ शोधतेय. कुठे म्हटलं तर पाटावर. भाताच्या लावणीआधी डोंगरातून येणारा पाट सगळ्या गावाने मिळून साफ करायचा, घरटी एक माणूस. दगड, गाळ, कुठे कडा ढासळलेला, तो सगळा दोन-तीन दिवसांचा मामला. जो येणार नाही त्याला दंड, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे पाण्याची पाळी येईल तेव्हा लोक आठवण ठेवतात. मी म्हटलं अंगे तू बस, मी जातो, माझा रविवारच आहे.

गेलो. वर बावीस-तेवीस माणसं, निम्म्याहून जास्त बायका आणि म्हातारे. मला बघून हसाहशी झाली मग एकदम गंभीर चर्चा सुरू झाली. प्रश्न असा की हा भाडेकरू, तोही परदेशी, तर हा अंगेच्या घराचा माणूस धरायचा का नाही? मी कुदळ घेऊन उभा आणि यांची पंधरा मिनिटं चर्चा. शेवटी त्यांच्यातला वयस्कर होता तो म्हणाला (एकाने हिंदीत सांगितलं मला) की चूल एक आहे का, तर आहे, मग धरा. हजेरीच्या वहीत अंगेच्या घरापुढे खूण झाली. संध्याकाळपर्यंत माझ्या हाताला असे फोड आले की सोमवारी साईटवर पेन धरवेना. इंजिनियर म्हणे.

तर सांगायचा मुद्दा हा. तिथे जे आपल्याला सेवाभाव दिसतो तो बऱ्याचदा हिशोब असतो. पाट साफ करणं, गावच्या देवळाची डागडुजी, कोणाच्या घराची मातीची भिंत धोपटणं, कोणी गेलं तर सरणाची लाकडं. प्रत्येक गोष्ट घरटी मोजली जाते आणि लक्षात ठेवली जाते. ह्याला मी नावं ठेवत नाहीये, उलट हिशोब चोख आहे म्हणूनच ते शेकडो वर्षं चाललंय असं माझं मत. पण हिशोबाचं एकक आहे घर, आणि आता घरंच रिकामी होतायत. तिकडे शब्दच आहे, गुंगटोंग. गुंग म्हणजे घर, टोंग म्हणजे रिकामं. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत हा मोठा प्रश्न आहे, सरकारी बैठकांतसुद्धा हाच शब्द वापरतात. आमच्याच गावात तेव्हा चार घरांना कुलूप होतं. त्या चार घरांच्या वाटणीचा पाट कोण काढणार? उरलेले काढणार. आणि उरलेले म्हणजे अंगे.

---

साखरभात

मस्त लिहिलंय! चूल एक आहे का हे तर भारीच. वाचनखूण साठवली.

---

सुपारीबाग

वांगदूवाला, तुम्ही भूतान लिहिलंय का आमचं गाव? नावं बदलली की झालं. आमच्याकडे पावसानंतर साकव घालायचा असायचा, घरटी एक माणूस, नाही आला तर गावकीत दंड. आता साकवाच्या जागी सिमेंटचा पूल झाला ते बरंच झालं, पण शिमग्याला पालखी नाचवायला खांदे कमी पडतात. मुंबईकर येतात चार दिवस, आल्याआल्या वर्गणीचे पाच हजार टेकवतात आणि पालखीपुढे व्हिडिओ काढतात. गावात राहतात ते सत्तरीचे. वाडीत सोळा घरं आहेत त्यातली नऊ गणपती आणि मे महिना सोडला तर बंद.

एक विचारायचं होतं, तिकडे माकडं आणि डुकरं आहेत का? कारण आमच्याकडे लोकांनी शेती सोडली त्याचं निम्मं कारण ते आहे. बंद घराशेजारचं आवार वाढतं, त्यात डुकरं राहतात आणि मग जो करतोय त्याचीही शेती बसते.

---

वांगदूवाला

@सुपारीबाग, आहेत म्हणजे काय! डिट्टो. एक घर बंद झालं की त्याचं शेत रानात जातं, रान कुंपणाला येऊन टेकतं आणि मग शेजाऱ्याने रात्रभर मचाणावर बसून डबा बडवायचा. मका पिकला की गावात रात्री झोपच नाही. त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय की देशाची ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच आहे. बाहेरून फार छान वाटतं ते, पण डुक्कर राज्यघटना वाचून येत नाही. आता विजेच्या तारांची कुंपणं घालतात, पण ते कुंपणही गावानेच सांभाळायचं, तारेखालचं गवत कापत राहायचं नाहीतर करंट उतरतो. म्हणजे परत घरटी एक माणूस.

---

जुनाजाणता

लेख चांगला आहे पण काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. भूतानात सामूहिक श्रमाला पूर्वी वूला म्हणत आणि ती वेठ होती, सरळ शब्दात वेठबिगार. झोंग म्हणजे किल्लेवजा मठ-कचेरी बांधायची, खेचरवाट दुरुस्त करायची, सरकारी माल वाहायचा, घरामागे इतके दिवस माणूस द्यायचा, कर म्हणून. तिसऱ्या राजाने १९५० च्या दशकात भूदासपद्धत मोडली, करांचं ओझं कमी केलं, पण सक्तीचं काम त्यानंतरही कित्येक वर्षं या ना त्या नावाने राहिलं. आज ज्याला परंपरा म्हणून टाळ्या मिळतात त्यातलं बरंच या करातून आलंय.

दुसरं म्हणजे हे 'समुदाय' म्हणजे नक्की कोण? १९८८ ची जनगणना, ज्यात अनेकांना परके ठरवलं, १९८९ चा भूतानी पोशाख सक्तीचा करणारा नियम, त्यानंतर दक्षिणेतल्या नेपाळी बोलणाऱ्या लोकांचं काय झालं? एक लाखाच्या वर माणसं पूर्व नेपाळच्या छावण्यांत जाऊन पडली. वीस-वीस वर्षं. २००७ नंतर त्यांना अमेरिका वगैरे देशांनी घेतलं. त्यांचीही तिकडे घरं होती ना, पाट होते? देशाची प्रगती सुखाच्या निर्देशांकाने मोजणाऱ्या भूतान सरकारने ही कुलपं मोजली का?

---

डोंगरवेडा

झालं, धाग्याचं काश्मीर करायला सुरुवात. अहो काका चांगलं चाललं होतं.

---

वांगदूवाला

@डोंगरवेडा, नाही नाही, जुनाजाणता यांचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो लिहायला हवा होता. मी तिथे असताना याबद्दल कोणी उघड बोलत नसे आणि मीही पाहुणा म्हणून कधी विचारलं नाही, ती माझी भित्रेगिरी समजा. प्रकल्पावर दक्षिणेकडचे दोन-तीन सुपरवायझर होते, एकाचा मामा अमेरिकेत होता. का गेला ते त्याने सांगितलं नाही, फोटो मात्र दाखवायचा, बर्फात घर, पुढे गाडी.

वूलाबद्दल पण सहमत. अंगे स्वतः सांगायची की लहानपणी तिची आई अंगावर मूल बांधून सरकारी वाहतुकीला जायची. पण तीच अंगे पाटाच्या कामाला वेगळ्या आवाजात बोलायची. पहिलं त्यांच्यासाठी, हे आपल्यासाठी, असा तिचा फरक होता. आपल्याकडे वेठ आणि इर्जिक यात असतो तोच.

---

पेठकर२

नारिंगी कपडेवाल्यांचं राहिलंच की. ते कोण? मी मागच्या वर्षी थिंफूला गेलो तेव्हा चौकात, देवळात, ट्रेकच्या वाटेवर सगळीकडे दिसले. मला आधी आपल्या होमगार्डसारखं काहीतरी वाटलं.

---

वांगदूवाला

ते देसुंग. आत्ताच्या राजाने २०११ मध्ये सुरू केलं, माणसाला देसूप म्हणतात, शांतीचा रखवालदार अशा अर्थाने. आधी काही आठवड्यांचं निवासी ट्रेनिंग असतं, लष्करी थाटाचं, मग आपापल्या नोकरीत परत जायचं आणि बोलावलं की यायचं. आमच्या बँकेतला कॅशियर देसूप होता. एरवी नोटा तीनतीनदा मोजणारा माणूस, तो सणाच्या गर्दीत शिट्टी फुंकताना बघितला तेव्हा ओळखलाच नाही.

मी पहिल्यांदा त्यांना कामावर बघितलं ते २४ जून २०१२ ला. रविवार होता. दुपारनंतर समोरच्या कड्यावरून धूर दिसायला लागला, वांगदूचा झोंग पेटला होता. १६३८ सालचा झोंग, आतून सगळं लाकूड, वर लाकडी फळ्यांचं छप्पर, आणि वांगदूचा तो वारा. आम्ही प्रकल्पावरून टँकर पाठवले पण त्या वाऱ्यापुढे काय. लोक नुसते धावत होते. भिक्खू, शिपाई, पोलीस, दुकानदार, आणि मधेच नारिंगी कपडे, आतून मूर्ती आणि पोथ्या काढून हातोहात रांगेने खाली देत होते. नशीब इतकंच की दुरुस्तीचं काम सुरू असल्यामुळे बरंचसं आधीच हलवलेलं होतं. अंगे घराच्या अंगणात उभी राहून माळ ओढत होती, रडत नव्हती, फक्त ओठ हलत होते. रात्रभर समोर निखाऱ्याचा डोंगर. झोंग आता परत बांधलाय, भारताच्या मदतीने, २०२२ मध्ये प्रतिष्ठापना झाली. मी अजून बघितला नाही.

---

हडपसरचा_बंड्या

कोविडमध्ये पण याच लोकांनी काम केलं ना? मला लक्षात आहे कारण लस आमच्या इथली. जानेवारी २०२१ मध्ये कोविशील्डचे दीड लाख डोस भारताने भेट पाठवले, आणि भूतानने ते घेऊन ठेवून दिले! आम्ही इथे हसत होतो की काय लोक आहेत, अख्खं जग लस लस करतंय आणि हे मुहूर्त बघतायत. तर मार्चमध्ये आणखी चार लाख गेले, त्यांचा अशुभ महिना संपला, मग २७ मार्चला सुरुवात केली. पहिली लस त्यांच्या पंचांगातल्या माकड वर्षात जन्मलेल्या बाईला आणि टोचणारी बाई पण माकड वर्षातलीच. आणि दोन आठवड्यांच्या आसपास ९० टक्क्यांच्या वर मोठ्या माणसांना टोचून मोकळे. आम्ही हडपसरला राहून माझ्या आईला ॲपवर स्लॉट मिळेना.

---

वांगदूवाला

@हडपसरचा_बंड्या हो, आणि थांबण्यामागे नुसता मुहूर्त नव्हता, सगळ्यांना एकदमच द्यायची होती, निम्म्या लोकांना आधी आणि निम्म्यांना मग असं नको होतं त्यांना. मी तेव्हा पुण्यात परत आलेलो. कॅशियर मित्र मेसेज करायचा, दक्षिण सीमेवर ड्युटी, रात्री नदीकाठी गस्त, हत्तींची भीती कोरोनापेक्षा जास्त. त्या काळात हजारोंनी नवीन देसूप तयार केले, टुरिझम बंद पडल्यामुळे गाईड, ड्रायव्हर सगळे रिकामेच होते. पुढे त्यांना पाणीयोजना वगैरे बांधकामांवर पण लावलं.

आता त्याच्या पुढची पायरी म्हणजे ग्यालसुंग. १७ डिसेंबर २०१९ ला राजाने जाहीर केलं, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना राष्ट्रसेवा, आणि ही सक्तीची. पहिली तुकडी सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. त्याची एक अकादमी आमच्या वांगदू जिल्ह्यातच आहे, खोतोखाला.

---

जुनाजाणता

म्हणजे वूला गेली, ग्यालसुंग आली.

---

मधुरा_के

@जुनाजाणता काका असं एका ओळीत नका ना उडवून लावू. माझी बहीण तिकडे दोन वर्षं शाळेत शिकवायला होती, ती म्हणते मुलांना ते हवंच होतं, गावातून पहिल्यांदा बाहेर पडायला मिळतं, पूर्वेकडचं पोरगं पश्चिमेकडच्या पोरासोबत राहतं. साडेसात-आठ लाख लोकांचा देश आहे, आपल्या एका मोठ्या तालुक्याएवढी माणसं आणि वर चीन खाली भारत, त्यांची भीती वेगळी असणार. १९९९ पर्यंत टीव्ही नव्हता त्या देशात! आणि आता प्रत्येकाच्या हातात फोन. एका पिढीत एवढं बदललं की कोणीही काहीतरी घट्ट धरून ठेवायला बघेल.

पण मला एक कळत नाही. सरकारने गणवेश देऊन सेवा करून घेतली की गावची सेवा मरत नाही का? म्हणजे सगळा उत्साह नारिंगी कपड्यात गेला, मग पाटावर कोण?

---

वांगदूवाला

@मधुरा_के, नेमकं बोललात. याचं उत्तर मला दोन्ही बाजूंनी देता येईल. कॅशियरचं गाव त्राशिगांगकडे, तो स्वतः कबूल करायचा की देसुंगच्या प्रत्येक हाकेला तो हजर असतो पण गावच्या पाटावर दहा वर्षांत गेला नाही, दंडाचे पैसे पाठवतो. तिकडे पोचायलाच दोन दिवस लागतात. उलट आमच्याच गावात एकदा पावसाने पाटाचा मोठा तुकडा खाली गेला तेव्हा देसूपांची टोळी आली आणि म्हाताऱ्यांना जे महिन्यात झालं नसतं ते चार दिवसात झालं. फक्त अंगेला पंचाईत पडली की यांच्या घरी आपण परतफेडीला कधी जायचं? ते कुठल्या घरचे हेच माहीत नाही. चौथ्या दिवशी तिने आणि शेजारणींनी मिळून सगळ्यांना लाल तांदळाचा भात, एमा दात्शी म्हणजे ती मिरच्या आणि चीजची भाजी, आणि आरा म्हणजे घरी गाळलेली दारू असं जेवण घातलं. पोरं ड्युटीवर म्हणून आरा घेईनात. अंगेला तो अपमानच वाटला, दोन दिवस कुरकुरत होती.

---

सुपारीबाग

हाहाहा, आमची आजी पण अशीच. जेसीबीवाल्याला सोलकढी दिली, त्याने नको म्हटलं, तर पुढच्या वेळी त्याला बोलावू नका म्हणाली.

---

स्वाती_पर्थ

इथे लिहू का नको असं करत होते पण लिहिते. पर्थमध्ये गेल्या तीन-चार वर्षांत भूतानी लोक खूप वाढलेत, आमच्या वृद्धाश्रमात माझ्या शिफ्टला तिघी आहेत. नवरा-बायकोतलं एक शिकायला येतं, दुसरं कामाला लागतं. त्यातली एक तिकडे सरकारी शाळेत शिक्षिका होती, इथे माझ्यासोबत आजी-आजोबांचे कपडे बदलते. तिचं घर पूर्वेकडे, आणि तुमच्या भाषेत गुंगटोंग. हा शब्द मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला होता, रडत सांगत होती, आज अर्थ नीट कळला.

तिचा फोन सारखा वाजतो. गावात कोणी वारलं की सेम्सो पाठवायचा, म्हणजे दुखवट्याचे पैसे, तिकडच्या बँकेच्या ॲपवरून. गावच्या त्सेचूची, म्हणजे वार्षिक उत्सवाची वर्गणी. शेजाऱ्याने तिच्या वाटणीचं काम केलं त्याचे पैसे. एकदा म्हणाली, मी तिथे होते तेव्हा एवढं गावासाठी केलं नव्हतं. मी विचारलं मग बरंच आहे की, तर म्हणाली पण ह्या वर्षी त्सेचूत मुखवट्याचा नाच करायला गावातली माणसं कमी पडली, दुसऱ्या गावातून आणावी लागली, पैसे कोण नाचवणार?

---

साखरभात

पैसे कोण नाचवणार 🙁

---

पेठकर२

पण यात चूक कोणाची? मुलगी बारावीनंतर थिंफूला जाणार, तिथे नोकरी नाही म्हणून पर्थला जाणार, आपलीही मुलं तेच करतात. मी स्वतः सातारा सोडून पुण्यात, माझा मुलगा पुणे सोडून म्युनिकला. सरकार तरी काय करणार, आता ते गेलेफूला आसामच्या सीमेवर नवीन शहर काढतायत ना, माइंडफुलनेस सिटी, डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेलं. तिथे नोकऱ्या निघाल्या तर येतील परत.

---

वांगदूवाला

@पेठकर२ येतील, पण गेलेफूला येतील, गावात नाही. अर्थात तेही पर्थपेक्षा जवळ.

@स्वाती_पर्थ, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ थांबलो. माझ्या घरमालकिणीची मुलगीही आता ऑस्ट्रेलियात आहे, कुठल्या शहरात ते लिहीत नाही. अंगे २०१९ ला गेली. मुलाने थिंफूहून फोन केला, मी पैसे पाठवले, त्याने घेतले, मला बरं वाटलं. घराला कुलूप आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने पाटाच्या वहीचा फोटो पाठवला होता, घराच्या नावापुढे दंडाचे आकडे, आणि खूप मागच्या एका पानावर त्या रविवारची माझी खूण. वही तीच चाललीय अजून. म्हणाला तुझी एक हजेरी जास्त झालीय का बघ, माझा दंड वळता करून घेऊ.

---

मधुरा_के

अरे देवा. 😄 आणि 😢

---

डोंगरवेडा

मग झाला का वळता?

---

वांगदूवाला

नाही. गावाने सांगितलं तेव्हा चूल एक होती, आता नाही.

---

स्वाती_पर्थ

अवांतर: ह्या शनिवारी त्या मैत्रिणीने घरी लोचोए ठेवलंय, वर्षाची घराची पूजा, म्हणाली गावच्या घरात करायला कोणी नाही म्हणून इथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये करतेय. आम्हाला दोघांना बोलावलंय. काय घेऊन जायचं असतं? आणि काही नियम वगैरे?

---

वांगदूवाला

रिकाम्या हाताने जाऊ नका बस. फळं, बिस्किटं, ज्यूस काहीही चालतं. जमलं तर थोडं आधी जा आणि स्वयंपाकघरात शिरा, मिरच्या चिरायला लागतात खूप. पूजेला वेळ लागेल, ढोल, झांजा, शेजाऱ्यांना आधी सांगितलंय का तेवढं विचारा तिला, फ्लॅट आहे म्हणून म्हणतोय. समोर तांदळाच्या पिठाचे आणि लोण्याचे तोरमा मांडलेले असतील त्यांना हात लावू नका.

आणि जेवण वाढायला आले की लगेच ताट पुढे करायचं नाही. तोंडावर हात धरून मेशू मेशू म्हणायचं, म्हणजे नको नको. ते परत वाढायला येणार.

---

स्वाती_पर्थ

हे तर आपल्या पंगतीतल्यासारखंच. नको म्हणायची प्रॅक्टिस आहे हो मला, हो कधी म्हणायचं ते सांगा, नाहीतर उपाशी परत येईन.

---

वांगदूवाला

दुसऱ्या खेपेला हात थोडा खाली आणा, तिसऱ्या खेपेला घ्या. आणि मिरचीचा अंदाज घेऊन मग घास घ्या, मी पहिल्या दिवशी घेतला नव्हता.